कानसेनांना किती वॅट पुरतील

दि. २ नोव्हेंबर

तीर्थरूप दादास,
टिटवीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर दिलं नाही, म्हणून आधी माफी मागते. गुडघा कसा आहे? तंत्रशाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी तू सकाळी आठला इस्त्रीचा सदरा घालून मेजाशी बसतोस, असं लिहिलं होतंस. समोर वर्ग नसल्यामुळे कोणाला तरी शिकवायची तलफ येत असणार. म्हणून एक प्रश्न पाठवते.

मुलाने आम्हाला कंबरेएवढ्या उंच स्पीकरची जोडी पाठवली आहे. बरोबर चिठ्ठी होती, की आता घरातच थिएटर करा. अँप्लिफायर मात्र बाबांच्या पसंतीने घ्या, त्यांच्यापुढे मी काय निवडणार. घरातला जुना अँप्लिफायर पन्नास वॅटचा आहे. दुकानदार म्हणतो, पाचशेचा न्या, भिंती हलतील. मला भिंती हलवायच्या नाहीत, तुझ्या मेहुण्यांना गॅलरीतून हलवायचं आहे.

निवृत्तीनंतर हे रोज संध्याकाळी माझ्याशेजारी बसून चित्रपट बघायचे. गेली दोनेक वर्षं अर्ध्या तासात उठतात आणि गॅलरीत जाऊन डब्यातले स्क्रू आकाराप्रमाणे निवडत बसतात. विचारलं तर म्हणतात, हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात. आवाज इतका मोठा ठेवतात की वरच्या मजल्यावरच्या बाई दोनदा दार वाजवून गेल्या. म्हणजे अँप्लिफायरमध्ये दम उरलेला नाही, एवढं मलाही कळतं. ज्या माणसाने जन्मभर सभागृहांत स्पीकर बसवले, शेवटच्या रांगेत बसून सैल पडलेला स्क्रू ओळखला, ज्याला तू कानसेन म्हणतोस, त्याला स्वतःच्या घरात धड आवाज मिळू नये?

फोन केला नाही, कारण हे पलीकडच्याच खोलीत असतात आणि सगळं ऐकतील. मला त्यांना चकित करायचं आहे. संध्याकाळी ते पुन्हा माझ्याशेजारी बसावेत, याहून जास्त काही नको. तेव्हा सर्वांत मोठा अँप्लिफायर कोणता, ते लिही.

माया आहे तशीच ठेव.
तुझी,
टिटवी


दि. ९ नोव्हेंबर

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राने मला पुन्हा नोकरीवर रुजू करून घेतलं. गुडघा कुरकुरतो, त्याची तक्रार मी दाखल करून घेत नाही. सर्वांत मोठा कोणता, हा प्रश्नच चुकीचा आहे. आणि चुकीचा प्रश्न हा शिक्षकाचा सर्वांत लाडका असतो. पेन्सिल घेऊन बैस.

वॅट म्हणजे आवाज नव्हे. अँप्लिफायर स्पीकरला जी शक्ती पुरवतो, तिचं ते माप आहे. ही शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला जेमतेम जाणवेल इतका. आवाज कानाला दुप्पट वाटायचा असेल तर शक्ती दहापट लागते. म्हणजे पन्नासाच्या जागी पाचशे वॅट आणलेस, तर सगळा खटाटोप करून आवाज फक्त दुप्पट होईल. हा हिशेब मी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर मांडायचो आणि दरवर्षी वर्गाचे चेहरे पडायचे. मला तो क्षण फार आवडायचा.

खोक्यावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नकोस. ती उडी मारून मोजलेली उंची असते. दोन्ही स्पीकर चालू असताना अँप्लिफायर सलग किती शक्ती देऊ शकतो, तो आकडा माग. दुकानदार कुरकुरेल, पण देईल.

आता सर्वांत नवलाची गोष्ट. स्पीकर जळतो तो बहुधा मोठ्या अँप्लिफायरमुळे नव्हे, लहान अँप्लिफायरमुळे. लहानाला कुवतीपलीकडे ताणलं की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, आवाज फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजाने बारीक स्वरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, भाजून निघतो. म्हणून गरजेहून थोडी जास्त शक्ती हाताशी राखावी. माझ्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण याच एका वाक्यावर उभं आहे.

पण गरज किती, हे मोजल्याशिवाय मी काहीही सांगणार नाही. स्पीकरच्या पाठीवर डेसिबलचा एक आकडा असतो, तो कळव. सोफा स्पीकरपासून किती मीटरवर आहे? माणसं बोलत असताना आवाजाचं बटण कुठे असतं? आणि कानसेनांना नेमकं काय ऐकू येत नाही? हे शेवटचं उत्तर सविस्तर लिही. आवाज कमी येतो, या उत्तराला मी कधी गुण दिले नाहीत.

पत्राची वाट पाहतो. जिव्हाळा आहेच, तो पत्रातून पोचत राहू दे.
तुझा,
दादा


दि. १५ नोव्हेंबर

तीर्थरूप दादास,
शि. सा. नमस्कार.

घे तुझे आकडे, आणि नापास करू नकोस. स्पीकरच्या मागे आरसा धरून वाचलं: अठ्ठ्याऐंशी डेसिबल, एक वॅट, एक मीटर. सोफा शिवणाच्या टेपने मोजला, तीन मीटरला दोन बोटं कमी. अँप्लिफायरचं बटण पूर्वी घड्याळातल्या आठाच्या जागी असायचं, आता दोनाच्या जागी असतं.

काय ऐकू येत नाही, हे शोधायला चार संध्याकाळी ह्यांच्याकडे चोरून बघत बसले. या वयात नवऱ्याकडे चोरून बघायला लावलंस! तर ऐक. स्फोट, मोटारी, दार आपटणं, सगळं येतं. पुरुषांचं बोलणं बरंचसं येतं. बाई किंवा लहान मूल बोलू लागलं की हे पडद्याकडचं लक्ष काढून माझ्याकडे बघतात. कुजबूज मुळीच नाही. पक्षी, काच, पावलांखालची वाळू, यांपैकी काही वाजलं तर चेहऱ्यावर काही उमटत नाही. अँप्लिफायर बारीक आवाज गिळतो का रे?

बाकी हे विसराळू झालेत. किटली शिट्टी मारून मारून कोरडी होते. न्हाणीघरातला नळ सुरू ठेवून येतात. परवा मी टेप धरून त्यांच्या पाठीमागेच उभी होते आणि सवयीने आकडे मोठ्याने म्हणत होते. काय मोजतेस, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला वाटलं रुसलेत. सकाळी भाजी खारट झाल्यावरून थोडी चकमक उडाली होती.

मुलगा विचारतो, जोडणी कधी करणार. लवकर लिही.

आशीर्वाद असू दे.
तुझी,
टिटवी


दि. २१ नोव्हेंबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मोजणी माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांपेक्षा चोख आहे. आता गंमत बघ. तुझा स्पीकर एका वॅटला, एक मीटरवर अठ्ठ्याऐंशी डेसिबल देतो. तीन मीटरवर त्यातले साधारण नऊ जातात, राहिले एकोणऐंशी. स्पीकर दोन, शिवाय भिंती थोडा आवाज परत पाठवतात, म्हणून पाच मिळव. झाले चौऱ्याऐंशी, तेही एका वॅटमध्ये! घरात आपण बोलतो ते साठाच्या आसपास. चित्रपटातलं बोलणं सोफ्यावर सत्तरने आलं तरी स्वच्छ ऐकू यावं. त्यासाठी लागतो एका वॅटचा पंचविसावा भाग. तुझा जुना अँप्लिफायर पन्नास वॅटचा आहे, तो शंभरापर्यंत नेऊ शकतो. बारीक स्वर गिळण्याचा दोष त्याच्यात असता, तर तो तुलाही जाणवला असता. सारांश, अँप्लिफायर निर्दोष आहे आणि

इथवर काल लिहिलं होतं. वाक्य अर्धं राहिलं, कारण ते पूर्ण केल्यावर काय लिहावं लागेल ते दिसलं.

आज सकाळी तुझं पत्र आकडे वगळून वाचलं. बायका, मुलं, पक्षी, काच, किटली. टिटवी, हे सगळे वरचे स्वर आहेत. विसराळूपणा नव्हे हा. कानसेनांना लवकरात लवकर कानाच्या डॉक्टरांकडे ने.

आणखी एक सांगायला हवं. मी शिक्षक होण्यापूर्वी अकरा वर्षं मी आणि कानसेन सभामैदानांवर कर्णे बांधायचो, हे तुला ठाऊक आहे. ते कसे तपासायचो, ते ठाऊक नाही. आवाज मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. मी दूर मेजाशी बसून अँप्लिफायर हळूहळू वाढवत न्यायचो. ह्यांच्याइतका चांगला कान आसपास कोणाचा नव्हता, म्हणून हे कर्ण्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर उभे राहायचे आणि आवाज फाटू लागला की हात वर करायचे. मी आकडा लिहायचो. प्रत्येक कर्ण्याची तीन वाचनं, म्हणजे तीनदा हीच चाचणी, मग सरासरी. पुस्तकाच्या शेवटी जे तक्ते आहेत, ज्यांचं लोकांनी कौतुक केलं, ते असे तयार झाले.

डॉक्टर काय म्हणतात ते कळव.
दादा


दि. ४ डिसेंबर

ती. दादास,
नमस्कार.

जाऊन आले. ह्यांना एका छोट्या काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर पट्टा चढवला आणि सूर ऐकू आला की बोट वर करा, असं सांगितलं. मी बाहेर तपासनीस बाईंच्या शेजारी होते. सूर सोडला की बाईंच्या यंत्रावर हिरवा दिवा लागायचा. सुरुवातीला दिवा लागला की बोट वर जायचं. मग दिवा लागत राहिला आणि ह्यांचं बोट मांडीवर तसंच. चेहऱ्यावर अगदी शहाण्या मुलासारखं लक्ष. बाई बटण फिरवत गेल्या, शेवटी तो सूर काचेतून मलासुद्धा ऐकू आला. ह्यांचं बोट हललं नाही.

आलेख उजवीकडे जिन्यासारखा खाली उतरत जातो, दोन्ही कानांचा. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं मोठ्या आवाजापाशी काम केलंय. गेलं ते परत येत नाही. कानात घालायच्या यंत्राने थोडी मदत होईल, पण शब्द पूर्वीसारखे सुटे येणार नाहीत. आणि मोठा आवाज आता वर्ज्य, नाहीतर उरलंय तेही जाईल.

हे चार वर्षांपासून जाणून होते. मला कळलं तर तुला कळेल, म्हणून बोलले नाहीत. आणि मी महिनाभर तुला पत्रं लिहीत बसले, ह्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून! याच मेजावरून फोनवर ओरडले असते तरी चाललं असतं.

दादा, पहिलं वाचन समजू शकते. पडताळ्यासाठी दुसरंही समजू शकते. तिसरं कशासाठी होतं?

तरीही विचारायला तूच आहेस. पाचशेवाला आणला तर निदान काही महिने तरी ह्यांना चित्रपट ऐकू येईल, ते माझ्याशेजारी बसतील, आणि मग उरलेलं जाईल. नाही आणला तर कान वाचतील आणि हे गॅलरीत स्क्रू निवडत बसतील. यांतलं काय आणू?

टिटवी


दि. ६ डिसेंबर

प्रिय मास्तर,
स. न. वि. वि.

तुमच्या बहिणीने पत्र टपालात टाकण्याआधी मला वाचायला दिलं. हा तिचा नवा शिरस्ता: काही सांगायचं असेल तर लिहून पुढे करते. अक्षर तेवढं तुमच्या घराण्याचं आहे, कान बरा असता तरी ते लागलं नसतं.

तिसऱ्या वाचनाचा विषय तिने काढला, तो मनाला लावून घेऊ नका. माझा कान चांगला होता म्हणून वापरला. जपून ठेवून काय लोणचं घालायचं होतं? आणि खरं सांगतो, हात वर केल्यावर तुम्ही दुरून मान डोलावून आकडा लिहायचात, त्या वेळी सबंध मैदानात माझ्यासारखा शहाणा कोणी नाही असं वाटायचं. कापूस घालतो म्हटलं असतं तर तुम्ही अडवलं नसतं. मीच म्हटलं नाही. ऐट होती.

आता कामाचं. तुम्ही वर्गात म्हणायचात, शक्ती किती हे नंतर, आधी आवाज कशासाठी हवा ते विचारा. मला विचारलं नाहीत, म्हणून आपणहून सांगतो. तिचा आवाज मला अजून येतो, मास्तर. शब्द येत नाहीत. खालचा गाभा येतो, वरची धार येत नाही. त्यामुळे ती स्वयंपाकघरातून काही म्हणाली की ती रागावलीय, थकलीय की हसतेय, एवढं कळतं. काय म्हणाली, ते कळत नाही. संध्याकाळी मी उठून जातो तो चित्रपटामुळे नाही. मध्येच ती माझ्याकडे वळून हसत काहीतरी बोलते आणि मी चुकीच्या जागी हसतो. दोनतीनदा तिचा चेहरा पडलेला पाहिला. त्यापेक्षा स्क्रू बरे.

घरात पाचशे वॅट आले तर मी ते वापरीन. माझा हात मला माहीत आहे. पहिल्या दिवशी थोडं वाढवीन, दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. सहा महिन्यांत हा गाभा मी मोटारींच्या पाठलागांवर उधळून बसेन. तो मला तिच्यासाठी ठेवायचा आहे. तेव्हा असा अँप्लिफायर निवडा, की मी बटण मोडेपर्यंत पिळलं तरी माझं वाईट करता येऊ नये. हे गणित आजवर तुमच्याकडे कोणी आणलं नसेल.

गुडघ्याला जपा. स्नेहात खंड पडू देऊ नका.
आपला,
कानसेन


दि. १४ डिसेंबर

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद, आणि प्रिय कानसेनांस स. न.

हे पत्र मी पाच वेळा लिहिलं.

आधी तुझा प्रश्न. पहिली दोन वाचनं ह्यांच्या बाबतीत नेहमी एकच यायची. एकदाही फरक पडल्याचं मला आठवत नाही. तिसऱ्याची गरज नव्हती. तक्त्यात तीन रकाने आखलेले होते आणि रिकामा रकाना मला बघवत नसे. याहून मोठं कारण मी आठवडाभर शोधलं, सापडलं नाही. त्याच तक्त्यांच्या जोरावर मला तंत्रशाळेत जागा मिळाली आणि मी शांत वर्गात शिकवायला निघून गेलो. हे पुढे पंचवीस वर्षं सभागृहांत स्पीकरांपाशी उभे राहिले. तू रागावलीस ते योग्य झालं. माफ कर, असं मी ह्यांना लिहिणार होतो. ह्यांनी ते आधीच हसण्यावारी नेल्यामुळे लिहायला जागा उरली नाही. ती जागा मला परत हवी आहे. कानसेन, मला माफ करा.

आता निवड. दहा वॅट. सोबत दुकानदाराला दाखवायची चिठ्ठी जोडली आहे. दहा वॅटला तुमच्या सोफ्यावर क्षणभराचा कमाल आवाज चौऱ्याण्णवपर्यंत जाईल. चित्रपटातलं सततचं बोलणं त्याच्या बरंच खाली, सत्तरच्या थोडं वर राहील. डॉक्टरांना फोन करून हे आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, संध्याकाळचे दोन तास चालेल, कानातलं यंत्र काढून ठेवून. पन्नासवाला जुना अँप्लिफायर घराबाहेर काढा. कपाटात ठेवू नका, कोणालातरी देऊन टाका.

बटण शेवटापर्यंत पिळलं तर आवाज फाटेल आणि ट्वीटर जळेल. जळू दे. शक्ती हाताशी राखावी, असं मी जन्मभर शिकवलं. या घरासाठी ते लागू नाही. नवा ट्वीटर मी पाठवीन, हवे तितके पाठवीन.

शब्दांसाठी कोणताही अँप्लिफायर उपयोगाचा नाही. डॉक्टर म्हणाले की बोलणाऱ्याचा चेहरा उजेडात आणि समोर असावा, मीटरभर अंतरावर. बाकी मला काही सुचत नाही. प्रथमच असं लिहितो आहे.

दोघांनीही मला दूर लोटू नये, एवढी विनंती.
दादा


दि. ९ जानेवारी

तीर्थरूप दादास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

अँप्लिफायर येऊन दोन आठवडे झाले. इतका चिमुकला, की दुकानदाराने तो आमच्या हातात देताना ह्यांची माफी मागितली. ह्यांनी चष्मा लावून स्वतः तारा जोडल्या, टोकं पिळून पक्की केली आणि मला आतल्या खोलीत पिटाळून चाचणी घेतली. जुना अँप्लिफायर वरच्या बाईंच्या भाच्याला दिला. बाई पेढे वाटायच्या बेतात होत्या.

दोन रविवार झाले, मी तुला लिहायला बसते आणि उठते. राग अजून पूर्ण गेलेला नाही, पण तुझ्यावर किती आणि नशिबावर किती, हे आता वेगळं करता येत नाही. तू गुडघ्याचं लिहिलं नाहीस. औषध चालू ठेव. उन्हाळ्यात इथे ये. हे तुला भेटायला उत्सुक आहेत आणि मीही यायला सांगतेच आहे.

आमची बसायची रीत बदलली. मी सोफा सोडला. ह्यांच्यासमोर मीटरभर अंतरावर माझी खुर्ची, तिच्या बाजूला उभा दिवा, आणि पडदा माझ्या पाठीशी. मागून बोलणं ऐकू येतं, ते मी ह्यांना सांगते. नटीचं, पोलिसाचं, खलनायकाचं. सुरुवातीला लाज वाटली. हे म्हणतात, खलनायक मला फार जमतो. चित्रपट मला दिसत नाही आणि ह्यांना ऐकू येत नाही, तरी शेवटपर्यंत बसतात. गेल्या दोन आठवड्यांत एकदाही उठले नाहीत.

काल चित्रपट संपला. मी पाठमोरी होऊन पांघरुणाची घडी घालत होते. ह्यांनी तुला लिहिलेलं मी वाचलं होतं, माझा आवाज येतो म्हणून. किती दिवस विचारीन विचारीन म्हणत होते, ते काल विचारलं: माझा आवाज आता कसा येतो तुम्हाला? हे मनापासून म्हणाले की हो, चांगला होता, शेवट जरा ओढला.

मी वळले. समोर जाऊन, दिव्यात उभी राहून पुन्हा विचारणार होते. पण ह्यांचा चेहरा इतका समाधानी होता, की मी मान डोलावली आणि म्हटलं, हो, जरा ओढलाच.

तुझी आठवण दोघांनाही येते. तू दिलेलं प्रेम या घरात आहे, ते आटू देऊ नकोस.
तुझी,
टिटवी